कराचीचें रितें विमानगृह

विमानविद्येचा इतिहास म्हणजे यंत्रांचा व तीं चालविणाऱ्या साहसी पुरुषांचा इतिहास, असें आपण सहसा समजतों. ज्या जमिनीवरून विमान उठतें व ज्या जमिनीवर तें परत टेकतें, तिच्या तयारीचा वृत्तान्त फारसा कोणी लिहीत नाहीं. अलीकडे मात्र या तयारीचा विषय मोठ्या निकडीनें पुढें आला आहे. केरोसीनच्या धुरानें वातावरण तापतें, सबब हायड्रोजनवर चालणारीं विमानें बांधावीं, आणि त्यांच्याकरितां विमानतळांवर कोठारें, नळ व वायु द्रवरूप करण्याचे कारखाने उभारावे, अशा योजना युरोपांत व इतरत्र आंखल्या जात आहेत. आधीं विमान कीं आधीं विमानतळ, हा त्यांतील कळीचा प्रश्न होय. परंतु तो नवा नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं हायड्रोजनच्याच संबंधानें तो एकदां उपस्थित झाला होता, आणि त्याचें एक उत्तर आमच्या मुंबई इलाख्यांतच लोखंडाच्या रूपानें उभें राहिलें होतें.

सिंध प्रांत त्या काळीं मुंबई इलाख्यांत मोडत असे. तो १९३६ सालीं वेगळा झाला. कराची शहराबाहेर ड्रिघ रोड येथें, उघड्या ओसाड मैदानांत, १९३० च्या सुमारास एक प्रचंड विमानगृह बांधून तयार झालें. त्याची लांबी आठशें फुटांहून अधिक व उंची सुमारें १७० फूट होती. ब्रिटिश साम्राज्यांतील सर्वांत मोठ्या इमारतींत त्याची गणना होई. ज्याच्यासाठीं तें बांधलें तें हवाई जहाज तेथें कधींच आलें नाहीं.

ही योजना १९२४ सालची. इंग्लंडांत त्या वर्षीं रॅम्से मॅकडोनल्ड यांचें मजूर मंत्रिमंडळ अधिकारावर होतें व विमानखात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन हे होते. आगबोटीनें हिंदुस्थानांत येण्यास दोन आठवड्यांहून अधिक काळ लागे. हायड्रोजननें भरलेलें मोठें हवाई जहाज तेंच अंतर थोड्या दिवसांत तोडील, आणि पुढें कॅनडा, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया हीं सर्व एका सूत्रांत ओंवलीं जातील, असा हिशेब होता. दोन जहाजें बांधण्याचें ठरलें: आर-१०० हें एका खासगी कंपनीकडे व आर-१०१ हें कार्डिंग्टन येथील सरकारी कारखान्याकडे. जहाजें तयार होण्याची वाट न पाहतां जमिनीवरचें कामही त्याच वेळीं सुरू झालें. हवामानशास्त्रज्ञ गिब्लेट यांस १९२७ सालीं दूरच्या वसाहतींत तळांच्या जागा पाहण्यास पाठविलें. आणि कार्डिंग्टन, ईजिप्तमधील इस्माइलिया, कराची व कॅनडांतील माँट्रियलजवळचें सेंट ह्यूबर्ट येथें जहाज बांधून ठेवण्याचे मनोरे उभे राहिले.

हा मनोरा काय प्रकारचा असे, हें थोडें विस्तारानें सांगण्याजोगें आहे. कार्डिंग्टनचा मनोरा २०२ फूट उंच होता. जहाजाचें नाक त्याच्या शेंड्यास अडकवावयाचें व बाकीचें धूड वाऱ्याच्या दिशेप्रमाणें सभोंवार फिरूं द्यावयाचें, अशी रचना. उतारूंकरितां आंत पाळणा. आणि वायु, पाणी व तेल हीं वर चढविण्यासाठीं निरनिराळे नळ. कारण हवाई जहाज मुक्कामावर आलें म्हणजे त्यास केवळ इंधन देऊन भागत नसे. दिवसां उन्हानें पिशव्यांतील हायड्रोजन फुगे, व फार फुगला म्हणजे झडपांवाटे बाहेर सोडावा लागे. रात्रीं गारव्यानें तो आकसे, व जहाज जड होई. उणा झालेला वायु पुढच्या मुक्कामीं भरून काढणें प्राप्त असे. म्हणून प्रत्येक मुक्कामीं हायड्रोजनची तजवीज हवी, पाण्याचा मोठा सांठा हवा, वाऱ्याची वर्दी देणारी वेधशाळा हवी, आणि जहाज मोडलें तर तें आंत घेण्यास विमानगृह हवें. एक कडी गळाली कीं सांखळी तुटली!

शिवाय उष्णतेचा एक विलक्षण परिणाम कराचीच्या नशिबीं होता. तापलेली हवा विरळ असते व विरळ हवेंत हायड्रोजनची उचलशक्ति घटते. आर-१०१ मध्यें अखेरीस सुमारें ५५ लक्ष घनफूट वायु मावे, व थंड हवेंत तो सुमारें १६७ टन वजन तोलून धरी. पारा १५ अंशांवरून ४० अंशांवर चढला तर यांतील सुमारें १३ टन नाहींसे होतात. म्हणजे इंग्लंडांतून सुखानें निघालेल्या जहाजास कराचीच्या उन्हाळ्यांत परत उठतां येईल कीं नाहीं, ही शंकाच होती. ह्या उष्णतेच्याच भीतीनें आणखी एक निर्णय झाला. पेट्रोल उष्ण देशांत धोक्याचें, असें मानून आर-१०१ ला जड तेलावर चालणारीं डीझेल यंत्रें बसविलीं. तीं अपेक्षेपेक्षां बरींच अवजड निघालीं. आर-१०० ला पेट्रोलचीं यंत्रें होतीं, म्हणून त्यास हिंदुस्थानाऐवजीं कॅनडाकडे धाडलें, आणि १९३० च्या जुलै-ऑगस्टांत तें माँट्रियलला जाऊन सुखरूप परतलें. तळ जहाजाच्या सोयीनें बांधला जातो, असें आपण म्हणतों. येथें तळाच्या हवेनें जहाजाचीं यंत्रें ठरविलीं.

आर-१०१ चें वजन इतकें वाढलें कीं १९३० च्या उन्हाळ्यांत तें मधोमध कापून वायूची एक जादा पिशवी आंत घालावी लागली. ह्या नव्या रूपांत पुरेशा चांचण्या झाल्या नाहींत. परंतु लंडनांत साम्राज्यपरिषद भरावयाची होती, आणि हिंदुस्थानची सफर करून तिच्या वेळेस परत यावें असा लॉर्ड थॉमसन यांचा मनोदय होता. उड्डाणाचा दाखला २ ऑक्टोबरास मिळाला. ४ ऑक्टोबरास सायंकाळीं पावसाळी हवेंत जहाज कार्डिंग्टनहून निघालें. दुसऱ्या दिवशीं पहाटे दोननंतर थोड्याच वेळानें फ्रान्समध्यें बोव्हे गांवानजीक तें टेकडीवर उतरलें व हायड्रोजननें पेट घेतला. ५४ पैकीं ४८ माणसें गेलीं. त्यांत लॉर्ड थॉमसन होते, नागरी विमानखात्याचे प्रमुख सर सेफ्टन ब्रँकर होते, आणि तळांच्या जागा पाहून आलेले गिब्लेटही होते. चौकशीसाठीं नेमलेल्या न्यायासनाचे अध्यक्ष सर जॉन सायमन होते. काळीं निशाणें दाखवून ज्यांचें स्वागत हिंदुस्थानानें दोन वर्षांपूर्वीं केलें, तेच हे गृहस्थ. मात्र ही चौकशी त्यांनीं कसून केली, हें मान्य केलें पाहिजे. योजना गुंडाळली गेली. निर्दोष आर-१०० सुद्धां मोडून भंगारांत विकलें.

आणि कराचीचें विमानगृह? तें पुढें तीस वर्षांहून अधिक काळ उभें होतें; १९६० नंतरच्या दशकांत पाकिस्तान सरकारनें तें पाडलें. परंतु त्याच ड्रिघ रोडच्या मैदानावरून, आर-१०१ जळाल्यास दोन वर्षें व दहा दिवस होतात तोंच, म्हणजे १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं, जे. आर. डी. टाटा यांनीं टपालाची थैली घेऊन एक चिमुकलें पस मॉथ विमान उडविलें व अहमदाबादेवरून तें मुंबईस जुहूच्या मैदानावर आणलें. अहमदाबादेस त्या विमानाकरितां पेट्रोल कसें आलें? चार-चार गॅलनच्या डब्यांतून, बैलगाडीवर! आमच्या मतें हवाई जहाजांच्या पराभवाचें अर्धें कारण ह्या बैलगाडींत सांपडतें. अपघात दोन्हीकडे होत होते. पण जें इंधन डब्यांत भरून कोठल्याही खेड्यांत पोंचवितां येतें, त्याला तळाची वाट पाहावी लागत नाहीं. आणि जें आपल्यामागें मनोरे, कारखाने व विमानगृहें ओढीत आणतें, त्याची एक चूक शंभर ठिकाणचा खर्च बुडविते.

कोणी म्हणेल, जहाज कधीं आलेंच नाहीं, त्या तळावरून सिद्धान्त कशाला काढावा? तर ब्राझीलचें उदाहरण पाहावें. रिओजवळ सांताक्रूझ येथें (आमच्या मुंबईच्या सांताक्रूझशीं त्याचें नातें नांवापुरतेंच) जर्मन झेपेलिनसाठीं १९३६ च्या डिसेंबरांत एक विमानतळ खुला झाला. सुमारें २७० मीटर लांबीचें विमानगृह, जागेवरच हायड्रोजन तयार करणारा कारखाना आणि शहरापर्यंत आगगाडी. तळाच्या योजनेंत खोट अशी काढतांच येत नाहीं. तेथें जहाजें आलीं, वेळेवर आलीं. पण ६ मे १९३७ रोजीं अमेरिकेंत लेकहर्स्ट येथें ‘हिंडेनबर्ग’ पेटलें, ३६ जीव गेले, आणि त्या वेळीं ब्राझीलहून परत येत असलेल्या ‘ग्राफ झेपेलिन’ची ती अखेरची उतारू-सफर ठरली. खुला झाल्यापासून पांच-सहा महिन्यांत तळ ओस पडला. तें विमानगृह अजून उभें आहे व ब्राझीलचें वायुदल तें वापरतें; कारण तेथें साधीं विमानेंही ठेवतां येतात.

आतां आजच्या योजनांकडे वळूं. येथें एक भेद लक्षांत ठेविला पाहिजे. हवाई जहाजांत हायड्रोजनचें काम उचलून धरण्याचें. तो जळूं नये हीच सर्वांची प्रार्थना असे. नव्या विमानांत तो इंधन म्हणून वापरावयाचा आहे. तसा प्रयोग झालेलाही आहे: १५ एप्रिल १९८८ रोजीं सोव्हिएट रशियांत तुपोलेव्ह-१५५ हें विमान तीनपैकीं एक यंत्र द्रव हायड्रोजनवर चालवून उडालें. हायड्रोजनवर त्याचीं उड्डाणें थोडींच झालीं. पुढलीं बहुतेक नैसर्गिक वायूवर झालीं. त्याच्याही आधीं, १९७६ सालीं, अमेरिकन अवकाशसंस्था नासा हिच्यासाठीं सॅन फ्रान्सिस्को व शिकागो येथील विमानतळांवर द्रव हायड्रोजन कसा पुरवावा याचे तपशीलवार आराखडे बनविले गेले होते. पन्नास वर्षें ते कागदावरच आहेत.

अडचण समजावयास थोडें गणित पुरे. हायड्रोजन शून्याखालीं २५३ अंशांवर द्रव होतो. तेवढ्याच शक्तीच्या केरोसीनपेक्षां त्याचें वजन सुमारें एक-तृतीयांश, पण आकार चौपट. अमेरिकेनें आपल्या चंद्रयानांसाठीं फ्लोरिडांत बांधलेल्या प्रचंड गोलांत प्रत्येकीं साडेआठ लक्ष गॅलन द्रव हायड्रोजन मावतो, म्हणजे सुमारें २२५ टन. ज्या विमानास लांबच्या सफरीस शंभर टन केरोसीन लागतें, तशा विमानांच्या सहा सफरी झाल्या कीं असा एक गोल रिता! मोठ्या विमानतळावर अशा सफरी रोज कितीतरी होतात. मुंबईच्या विमानतळाच्या भिंतीस लागूनच दाट वस्ती आहे. तेथें असे गोल कोठें ठेवावे, व वायु द्रव करण्यास लागणारी प्रचंड वीज कोठून आणावी, हे प्रश्न वैमानिकांचे नव्हेत, नगररचनेचे व तिजोरीचे आहेत.

एअरबस कंपनीनें २०२० सालीं जाहीर केलें होतें कीं १९३५ च्या शंभर वर्षें नंतर, म्हणजे २०३५ पर्यंत, हायड्रोजनचें उतारू-विमान सेवेंत आणूं. २०२५ च्या आरंभीं तिनें ही मुदत पुढें ढकलली, आणि एक मुख्य कारण असें दिलें कीं हायड्रोजनचें उत्पादन व पुरवठा यांची व्यवस्था अपेक्षेइतक्या वेगानें उभी राहत नाहीं. १९३० सालीं तळ तयार होता व जहाज कच्चें होतें. आतां तळच मागें आहे, म्हणून विमान थांबलें आहे. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं, असें आम्हांस वाटतें. एका प्रेतयात्रेपेक्षां एक लांबलेली मुदत केव्हांही बरी.

कराचीची चूक तळ आधीं बांधला ही नव्हती. एकाच जहाजावांचून दुसऱ्या कोणास उपयोगी न पडणारें विमानगृह बांधलें, ही होती. म्हणून हल्लीं कांहीं विमानतळ विमानाची वाट न पाहतां आधीं जमिनीवरचीं वाहनें हायड्रोजनवर चालवून पाहावीं, असा मार्ग धरीत आहेत, तो आम्हांस शहाणपणाचा दिसतो. आपल्याकडे कोची विमानतळाच्या कंपनीनें भारत पेट्रोलियमशीं २०२४ सालीं अशाच एका कारखान्याचा करार केला. त्याची क्षमता एक हजार किलोवॅट. असा कारखाना अहोरात्र चालला तर दिवसाकाठीं चारशें किलोंच्या आसपास हायड्रोजन देईल, म्हणजे विमानतळावरच्या कांहीं मोटारगाड्यांची गरज भागेल. फ्लोरिडाचा तो एक गोल भरावयास मात्र त्याला दीड वर्ष लागेल.