भूमिजलातील क्लोरीनयुक्त विद्रावकांचे निवारण
ट्रायक्लोरोएथिलीन, परक्लोरोएथिलीन इ. विद्रावक विसाव्या शतकात धातूंवरील ग्रीज काढण्यासाठी व निर्जल धुलाईसाठी सर्रास वापरले गेले. सांडलेला विद्रावक पाण्याहून जड असल्याने खाली उतरून साचतो व अनेक वर्षे थोडाथोडा विरघळत राहतो. त्यामुळे १९८० नंतर अमेरिकेत रूढ झालेली, पाणी उपसून शुद्ध करण्याची पद्धत अपुरी पडली. पंप थांबविल्यावर प्रदूषण पुन्हा वाढे. १९९१ मध्ये कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी बॉर्डन येथील वाळूच्या थरात लोहकणांची पार्य भिंत घातली. तीतून वाहताना विद्रावकांचे क्षपण होते. फर्दापूर परिसरातील बेसाल्टात मात्र भूमिजल भेगांतून वाहते. साचलेला विद्रावक तेथे शोधणेही दुष्कर. म्हणून अशा खडकात प्रतिबंध हाच खात्रीचा उपाय होय.