आवाजाची वाटणी



माहूरच्या गडावर गोंधळ्यांचे संबळ आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. दोन भांडी शेजारी बांधलेली असतात. एकाचा आवाज बारीक व चढा, दुसऱ्याचा जाड आणि खर्जाचा. एकाच कातड्यातून हे दोन्ही आवाज सारख्या सफाईने निघत नाहीत, हे आपल्या वादकांनी फार पूर्वीच ओळखले आणि कामाची वाटणी करून टाकली. तबला-डग्ग्याचीही तीच गोष्ट. मात्र ऐकणाऱ्याला दोन वाद्ये वाजत आहेत असे वाटत नाही. एकच ताल वाटतो. विजेच्या आवाजाला हीच किमया साधण्यास साठ वर्षे लागली. आज नांदेड-लातूरकडचा एखादा रसिक घरी दोन स्पीकरच्या पेट्या बांधून घेतो आणि विचारतो, ‘अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर कोणता घेऊ?’ या प्रश्नाचे उत्तर दुकानात शोधण्यापूर्वी इतिहासात शोधावे, असे मला वाटते.

मूळ अडचण निसर्गाची आहे. तरुण, निरोगी कानाला सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत कंपने ऐकू येतात. ५० कंपनांच्या लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर, तर १०,००० कंपनांची साडेतीन सेंटिमीटरसुद्धा नाही. पहिलीसाठी पुष्कळ हवा ढकलणारा रुंद पडदा हवा. दुसरीसाठी हलका, चिमुकला. पहिल्याला वूफर म्हणतात, दुसऱ्याला ट्वीटर. या दोघांना आपापला वाटा नेमून देणारा कारभारी म्हणजे क्रॉसओव्हर.

या कारभाऱ्याचा जन्म गाण्यासाठी झालेला नाही, टेलिफोनसाठी झाला. १९१५ साली अमेरिकेत जॉर्ज कॅम्पबेल आणि जर्मनीत कार्ल वाग्नर यांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, कंपने निवडून वेगळी काढणारी विजेची चाळणी शोधली. १९२५ साली राइस आणि केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा मूळ नमुना जगापुढे मांडला. नंतर बोलपट आला. आपल्याकडे १९३१ साली मुंबईत ‘आलम आरा’ आणि पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ लोकांनी ऐकला. हजार माणसांच्या थिएटरात एका स्पीकरचे काही चालेना, तेव्हा अमेरिकेत मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या डग्लस शिअरर आणि जॉन हिलियर्ड यांनी त्याच दशकात खर्जासाठी वेगळे व चढ्या सुरांसाठी वेगळे कर्णे करून दाखविले.

त्या काळी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर महाग होता. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर देणे सामान्यांच्या आवाक्यात नव्हते. म्हणून एकाच अ‍ॅम्प्लिफायरमधून निघालेला जोरदार प्रवाह तांब्याची वेटोळी आणि कपॅसिटर यांनी पेटीतच विभागण्याची रीत पडली. हा पॅसिव्ह क्रॉसओव्हर. रीत उपयोगी खरी, पण तिची किंमत मोजावी लागते. आठ ओहमच्या स्पीकरला २,५०० कंपनांवर साध्या विभागणीसाठी अर्ध्या मिलिहेन्रीचे वेटोळे पुरते. ३०० कंपनांवर तेच चार मिलिहेन्रींच्या वर जाते. तांबे वाढते, प्रवाहाला अडथळा वाढतो आणि वूफरवरची अ‍ॅम्प्लिफायरची पकड सैल पडते.

आपल्या मराठवाड्याला हा प्रश्न पुष्कळ काळ पडलाच नाही. निजामी राजवटीतला हैदराबादचा डेक्कन रेडिओ १९५० साली आकाशवाणीत विलीन झाला. परभणीला आकाशवाणीचे केंद्र १९६८ साली आले. मध्यम लहरींवरून साधारण ५,००० कंपनांपलीकडचे फारसे काही घरापर्यंत पोचत नसे. लाकडी रेडिओतला एकच स्पीकर तेवढ्याला पुरेसा होता आणि कोणी काही गमावले असे कोणालाही वाटले नाही. पुढे एफ. एम.ने १५,००० पर्यंतची कंपने आणली. १९८२ साली जगापुढे आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने ती २०,००० पर्यंत नेली. झांजेची किणकिण, तंबोऱ्याची जवारी घरात आली आणि मग दुसऱ्या स्पीकरची निकड भासू लागली.

तिकडे दुसऱ्या वाटेची तयारी चालूच होती. वाटणी अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी, प्रवाह सूक्ष्म असतानाच करावी आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर द्यावा, ही ती वाट. हाच अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर. इंग्लंडात स्टीफन बटरवर्थ यांनी १९३० साली चाळणी आणि व्हॉल्व्ह यांची सांगड घातली होती. १९४७ साली ट्रान्झिस्टर जन्मला. १९५५ साली सॅलन आणि की यांनी वेटोळ्याविनाच चाळणी करण्याची सुटसुटीत रचना दिली. एक दोष मात्र उरला होता. बटरवर्थच्या तिसऱ्या दर्जाच्या चाळणीत सीमेपाशी दोन्ही स्पीकर एकमेकांच्या पुढेमागे पडत आणि आवाजाचा झोत वर किंवा खाली कलत असे. १९७६ साली सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी, रस रायली या सहकाऱ्याच्या साहाय्याने, त्यावर तोड काढली. सीमेवर दोघांनीही निम्मा निम्मा आवाज द्यावा आणि दोघांनी एकाच क्षणी पाऊल टाकावे. म्हणजे बेरीज पूर्ण होते. गोंधळ्याला हातांनी साधले होते ते गणिताला येथे साधले.

आता निवडीकडे वळू. पहिली गोष्ट, कारखान्यातून जुळवून आलेली चांगली पेटी घरात असेल तर तिच्यातला क्रॉसओव्हर काढून टाकण्याच्या भरीस पडू नये. त्या पेटीच्या उणिवा ओळखूनच तो बसविलेला असतो. पेट्या स्वतः बांधणाऱ्यास, किंवा खर्जासाठी निराळी पेटी जोडणाऱ्यास, अ‍ॅक्टिव्हचा खरा लाभ आहे. दुसरी, खर्च पुरता मोजावा. दोन वाटण्यांच्या दोन पेट्यांना चार अ‍ॅम्प्लिफायर लागतात, तीन वाटण्यांना सहा. तिसरी, दर सप्तकामागे २४ डेसिबेल उतार देणारी लिंकविट्झ-रायली रचना मागावी. चौथी, सीमा विचार करून ठरवावी. ‘संत’ हा शब्द घ्या. त्यातला ‘स’चा सीत्कार ट्वीटरकडे जातो, स्वर वूफरकडे. सीमा चुकली की अभंगातला शब्दच दुभंगतो. अंकीय यंत्रात ट्वीटरला थोडा उशीर देता येतो. एका मिलिसेकंदात आवाज ३४ सेंटिमीटर चालतो, हे ध्यानात ठेवून दोन्ही स्पीकर एका रेषेत आणावेत.

आणि आपल्याकडे वीज जाते-येते. अ‍ॅक्टिव्ह रचनेत ट्वीटर थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला असतो. वीज परत येतानाच्या एका धक्क्याने त्याचे केसासारखे वेटोळे जळू शकते. म्हणून त्याच्या वाटेत एक रक्षक कपॅसिटर ठेवावा, अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी सुरू करावा आणि सर्वांत आधी बंद करावा.

आपल्यापैकी अनेकांनी हे यंत्र प्रथम पाहिले असेल ते मिरवणुकीच्या गाडीवर, भिंतीएवढ्या पेट्यांसोबत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे. गाडीवर ती किती पाळली जाते हे आपले कानच सांगतील. दोष यंत्राचा नाही. खर्जाच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ताण आला तरी गाणाऱ्याचा शब्द स्वच्छ राहावा, हे याच यंत्राचे मोठे देणे. म्हणजे आवाज न चढविताही ऐकण्याचे सुख मिळते. औशाच्या चक्री भजनाची ध्वनिफीत घरी लावली, मृदंग आणि टाळ आपापल्या जागी उभे राहिले, पेट्या कोठे आहेत हे विसरले आणि शेजाऱ्याची झोप मोडली नाही, तर निवड योग्य झाली असे समजावे.