माउंट व्हर्नन: शेवटचे 20 तास

गुरुवार, 12 डिसेंबर 1799, दुपारी 3. जॉर्ज वॉशिंग्टन घोड्यावरून शेताची फेरी आटोपून माउंट व्हर्ननच्या घरी येतात. वय 67. पाच तास बर्फ, गारा, पाऊस अंगावर घेतलेला. जेवण तयार आहे. ओल्या कपड्यांनिशी ते पानावर बसतात.

शुक्रवार. घसा दुखतोय, तरी दुपारी बाहेर जाऊन ते तोडायच्या झाडांवर खुणा करतात. रात्री आवाज बसलेला. सचिव टोबायस लिअर औषधाचं सुचवतात. सर्दीवर आपण काही घेत नाही, असं सांगून ते झोपायला जातात.

शनिवार, पहाटे 2 ते 3. बोलणं जेमतेम, श्वास कष्टाचा. पत्नी मार्था नोकराला बोलवायला उठू पाहतात. त्यांना गारठा बाधेल म्हणून ते उठू देत नाहीत. उजाडायला अजून चार तास आहेत.

उजाडताना. शेकोटी पेटवायला दासी येते, तेव्हा कुठे डॉ. जेम्स क्रेक यांना बोलावणं जातं. काकवी, व्हिनेगर आणि लोण्याचं मिश्रण देतात. थेंबही उतरत नाही, ते गुदमरतात. अडथळा गळ्यात आहे, हे या एका घोटात दिसलं होतं. पुढचे मुख्य उपाय मात्र रक्तावर होणार आहेत.

सूर्योदयानंतर. मुकादम रॉलिन्स शीर कापतो. अर्धा पाइंट रक्त.

सकाळी 9 च्या सुमारास क्रेक येतात. पुन्हा रक्त. 11 च्या सुमारास पुन्हा.

दुपारी 3 नंतर. डॉ. एलिशा डिक आणि डॉ. गुस्टाव्हस ब्राउन पोहोचले आहेत. आणखी 32 औंस काढायचं ठरतं. तिघांत सर्वांत तरुण, 37 वर्षांचे डिक विरोध करतात: रुग्णाला शक्ती हवी आहे. अडथळ्याच्या खाली छेद देऊन श्वासनलिका उघडावी, असं ते सुचवतात. भूल नाही, अनुभव नाही, रुग्ण देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष. भीती समजण्यासारखी आहे. दोघे ज्येष्ठ नकार देतात.

शीर कापली जाते. रक्त घट्ट, अगदी सावकाश येतं. दिवसभराचा नंतरचा अंदाज सुमारे 80 औंस, म्हणजे दोन लिटरहून अधिक.

4:30. दोन मृत्युपत्रं मागवून ते एक जाळायला सांगतात.

रात्री 8. पायांवर गव्हाच्या कोंड्याचं पोटीस.

10 ते 11 दरम्यान. श्वास सैलावतो. ते स्वतःची नाडी चाचपतात. मृत्यू.

दुसऱ्या दिवशी डॉ. विल्यम थॉर्न्टन येतात. वॉशिंग्टन यांना पुन्हा जिवंत करण्यासाठी श्वासनलिका उघडून फुप्फुसांत हवा भरण्याची परवानगी मागतात. नकार मिळतो.

26 वर्षांनी, 1825 मध्ये, फ्रान्समधल्या तूर इथे पिएर ब्रेतोनो घटसर्पाने गुदमरणाऱ्या चार वर्षांच्या मुलीची श्वासनलिका उघडतात. मुलगी वाचते.

वॉशिंग्टन यांना झाला तो एपिग्लॉटिसचा दाह, म्हणजे श्वासमार्गाच्या तोंडावरच्या झडपेची सूज, असं आज बहुतेक मानतात. विसाव्या शतकात हा आजार प्रामुख्याने लहान मुलांना गाठत होता. वेळेत ट्रॅकिऑस्टोमी, म्हणजे श्वासनलिका उघडून नळी बसवण्याची शस्त्रक्रिया, झालेल्या मुलांची सूज काही दिवसांत उतरे, नळी निघे, मूल घरी जाई. मुलांमधलं त्याचं मुख्य कारण हिब जंतू. त्यावरची लस भारतात 2011 पासून पेंटाव्हॅलंट या एकत्रित लशीतून टप्प्याटप्प्याने दिली जाऊ लागली.