लोणी देवकर परिसरातील पाणथळ व खारवट जमिनींवरील वनस्पती

लोणी देवकर हे पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील, पुणे–सोलापूर महामार्गावरील गाव. समुद्रापासून दूर असूनही या टापूत ओल आणि क्षार दोन्ही आहेत; दोन्हींचे मूळ माणसाने अडवलेल्या व आणलेल्या पाण्यात. भीमेवरील उजनी धरण (१९८०) झाल्यावर फुगवट्याच्या काठी पाणथळ तयार झाली. पावसाळ्यात पाणी चढते, उन्हाळ्यात ओसरते, आणि उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर गवते व लव्हाळे झपाट्याने उगवतात. काठच्या पाणकणसाच्या पोकळ ऊतींमधून हवा चिखलातील मुळांपर्यंत पोचते. प्राणवायू नसलेल्या गाळात ते तगते ते त्यामुळेच. याच पाणथळीतील बेशरम आणि जलपर्णी या मात्र दक्षिण अमेरिकेतून आलेल्या वनस्पती. बेशरमीचे नाव तिच्या चिवटपणाला शोभते.

क्षारांची कहाणी जुनी. या भागाकडे पाणी आणणारा नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि उसाला भरमसाट पाणी मिळू लागले. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत भूजल वर आले. केशाकर्षणाने चढलेले पाणी उडून गेले, क्षार मागे राहिले. कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मॅन व ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध केला. अशा जमिनीवर ऊस खुरटतो, वेडी बाभूळ मात्र फोफावते.