कारखान्याचे नाव की त्याचा धूर?

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागले, तेव्हा राज्यात प्रदूषण मंडळ नव्हते. मुंबईत १९१२ चा एक कायदा होता, पण तो दिसणाऱ्या धुरापुरता. महाराष्ट्राचे मंडळ १९७० मध्ये आले, तेही मुख्यतः पाण्यासाठी.

हवेसाठीचा केंद्रीय कायदा १९८१ चा. त्याला २० उद्योगांची यादी जोडलेली होती: सिमेंट, खते, कागद, अभियांत्रिकी, ओतशाळा इत्यादी. यादीत नाव असेल त्यानेच मंडळाचे संमतिपत्र घ्यायचे. आता भोसरीसारख्या वसाहतीतल्या दोन ओतशाळा डोळ्यांपुढे आणा. एकीत कोक जाळणारी क्युपोला भट्टी, दुसरीत विजेची. पहिलीतून धूळ, कार्बन मोनॉक्साइड व सल्फर डायऑक्साइड बाहेर पडणार. दुसरीत इंधनच जळत नसल्याने यातले पुष्कळसे टळणार. यादीच्या लेखी मात्र दोन्ही सारख्याच!

१९८७ च्या दुरुस्तीने यादी गेली आणि जाहीर नियंत्रणक्षेत्रातील प्रत्येक कारखान्याला संमती आवश्यक ठरली. मग मोठा प्रदूषक व किरकोळ प्रदूषक वेगळे कसे करायचे? १९८९ मध्ये दून खोऱ्यासाठी लाल, नारिंगी व हिरवा असे वर्ग केले गेले, तेच पुढे देशभर पसरले. पण कोणता उद्योग कोणत्या रंगात, हे ठरवायला समान मोजपट्टी नव्हती.

ती २०१६ मध्ये मिळाली. हवेला ४०, पाण्याला ४०, घातक कचऱ्याला २० गुण. तेव्हा ६० वा अधिक मिळाले की लाल, २० पर्यंत पांढरा वर्ग मिळे. इथे नापास होण्यासाठी गुण जास्त लागतात, हे विद्यार्थ्यांना गमतीचे वाटेल. जो उद्योग फक्त हवाच दूषित करतो त्याचे काय? परीक्षेला नसलेला विषय वगळून आपण टक्केवारी काढतो, तसे त्याचे गुण १०० पैकी मांडले जात. २०२५ मध्ये ही मोजणी पुन्हा बदलली आणि निळा वर्गही आला.

एक स्रोत मात्र या रंगांत कधीच बसला नाही. आकुर्डीला स्कूटरी तयार होत, त्या कारखान्याचे धुराडे संमतिपत्राच्या कक्षेत येई. फाटकाबाहेर पडलेल्या स्कूटरच्या नळीचा धूर मात्र मोटार वाहन कायद्याकडे जाई. तिला संमतिपत्र नाही, रंग नाही. धुराडी मोजता येतात आणि जागची हलत नाहीत, म्हणून परवाना त्यांना द्यायचा, हे आम्हाला समजते. पण पुणे-मुंबई रस्त्यावर उभ्या असलेल्या मुलाच्या नाकात दोन्ही धूर एकत्रच शिरतात.