आंबागडची विहीर आणि भंडाऱ्याचा नळ

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

आज सुरुवात किल्ल्यापासून करू आणि शेवट नगरपरिषदेच्या नळापाशी. मधे साधारण तीनशे वर्षं आहेत. प्रश्न मात्र एकच धरून ठेवायचा: पाणी खराब निघालं, तर जाब कुणाला विचारायचा?

भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यात आंबागड आहे. सातपुड्याच्या रांगेत, झाडीत लपलेला टेकडीवरचा किल्ला. १७०० च्या सुमारास तो बांधला राजा खान पठाण याने. हा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सुभेदार. नागपूर शहर वसवण्याचं श्रेय ज्याला देतात, तोच हा बख्त बुलंद. पुढे किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्याचा वापर तुरुंग म्हणून होऊ लागला. इंग्रजी काळातल्या गॅझेटियरमध्ये एक नोंद आहे, वाचताना अंगावर काटा येतो. कैद्यांना किल्ल्यातल्या विहिरीचं साचलेलं, विषारी पाणी प्यायला लावत आणि त्यातच त्यांचा जीव जाई.

आता थोडं थांबा. गॅझेटियर लिहिणारे इंग्रज होते. आधीची राजवट क्रूर होती असं दाखवण्यात त्यांचा फायदा होता. त्यामुळे ती नोंद जशीच्या तशी गिळायची गरज नाही. पण एक गोष्ट कोणत्याही किल्ल्यातल्या कोणत्याही कैद्याला लागू पडते. पाणी खराब आहे हे त्याला कळत होतं. ते सांगायचं कुणाला, याला उत्तरच नव्हतं. अर्ज नाही, सभा नाही, जबाबदार माणूस नाही.

आता टेकडी उतरून जिल्ह्याच्या गावी, भंडाऱ्याला येऊ.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारले. गादीला वारस नाही म्हणत डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि १८६७ मध्ये भंडाऱ्याला नगरपालिका आली. म्हणजे ही संस्था दीडशे वर्षांहून जुनी आहे. महाराष्ट्र राज्यापेक्षा किती तरी थोरली.

पण नगरपालिका आली म्हणजे लोकांचं राज्य आलं, असं समजू नका. त्या काळच्या नगरपालिकांचा कारभार सरकारी अधिकाऱ्यांच्या हातात असे. सभासद म्हणून बसत ते मालगुजार, व्यापारी, वकील असे गावातले वजनदार लोक. मग सरकारने हा खटाटोप केला तरी का? एक कारण पैसा. १८५७ नंतर तिजोरीवर ताण होता आणि गावाच्या सफाईचा, दिवाबत्तीचा खर्च गावाने उचलावा, असं सरकारला वाटत होतं. दुसरं कारण पटकी, म्हणजे कॉलरा.

इथे एक योगायोग बघा. ज्या १८५४ मध्ये नागपूर खालसा झालं, त्याच वर्षी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याची साथ आली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने घरोघरी चौकशी करून दाखवलं की आजारी पडलेले बहुतेक लोक एकाच पंपाचं पाणी पितात. त्याच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढून टाकला गेला. सगळ्यांना हे पटायला पुढे बरीच वर्षं गेली. पण तेव्हापासून हळूहळू जगभर एक विचार रुजला: पिण्याचं पाणी ही एकट्या घराची बाब नाही, गावाच्या कारभाराची बाब आहे. विहिरीजवळची घाण उचलणं, गटार वाहतं ठेवणं ही कंटाळवाणी कामं म्हणजेच जीव वाचवण्याची कामं.

मग येतो १८८२ चा ठराव. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन, तारीख १८ मे. ठरावाचा गाभा असा की स्थानिक संस्थांमध्ये बिनसरकारी सभासद जास्त असावेत, जमेल तिथे अध्यक्षही बिनसरकारी असावा. कारभार जरा ढिला झाला तरी चालेल, पण लोक तो चालवायला शिकतील. मतदार तरीही मूठभरच होते, कर भरणारे आणि मालमत्ता असलेले. तरी एक दार किलकिलं झालं. ‘गटार का तुंबलं?’ हे आता सभेत, नोंद होईल अशा आवाजात विचारता येऊ लागलं.

पुढे राज्यं बदलत गेली. १९२२ चा मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा नगरपालिका कायदा आला. स्वातंत्र्यानंतर भंडारा मध्य प्रदेशात होता, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. तेव्हा राज्यात गंमत अशी होती की विदर्भातल्या नगरपालिकांना एक कायदा, पश्चिम महाराष्ट्राला दुसरा, मराठवाड्याला हैदराबादचा तिसरा. १९६५ च्या कायद्याने हे सगळं एका छत्राखाली आणलं. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या महानगरपालिका वेगळ्या. भंडारा, तुमसर, पवनी यांच्यासारख्या गावांचा कारभार आजही या १९६५ च्या कायद्यानेच चालतो.

या कायद्यात कामांच्या दोन याद्या आहेत. एक आवश्यक कर्तव्यांची, दुसरी ऐच्छिक. बागबगीचा, वाचनालय अशी कामं ऐच्छिक. सफाई, दिवाबत्ती, गटारं, जन्म-मृत्यूची नोंद ही आवश्यक. आणि पाणीपुरवठा? तोही आवश्यक यादीत. म्हणजे ‘बघू, जमलं तर’ असं म्हणायची सोयच कायद्याने ठेवलेली नाही.

रोज हे चालतं कसं? पहाटे व्हॉल्व्हमन चावी फिरवतो, तेव्हा तुमच्या आळीत पाणी येतं. फिल्टर प्लांटवर तुरटी पडते, गाळ खाली बसतो, मग क्लोरीन. शेवटच्या नळाच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. पाण्यात थेंब टाकून रंग बघतात ती ओटी टेस्ट यासाठीच. मोठी पाइपलाइन टाकायची असेल तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, सभेचा ठराव, निविदा, वर्कऑर्डर. निवडून आलेले नगरसेवक ठराव करतात, सरकारने नेमलेला मुख्याधिकारी तो अमलात आणतो. ठराव बेकायदा वाटला तर जिल्हाधिकारी तो थांबवू शकतात. फाइल का फिरत राहते, याचं अर्धं उत्तर या रचनेत आहे.

उरलेलं अर्धं पैशात आहे. जकात आठवते? तुमच्या आईबाबांना विचारा. गावाच्या वेशीवर नाका, मालाची गाडी थांबणार, पावती फाटणार. मध्य प्रांतातल्या बऱ्याच नगरपालिकांचा संसार याच नाक्यावर चालायचा. जकातीत भ्रष्टाचार होता, व्यापारी वैतागलेले असायचे, ट्रकच्या रांगा लागायच्या. १९९९ मध्ये राज्य सरकारने नगरपरिषदांची जकात बंद केली आणि बदल्यात अनुदान सुरू केलं. नाक्यावरची कटकट गेली, ते चांगलंच झालं. पण हाताशी रोज येणारा पैसा गेला आणि मुंबईकडे बघत बसायची सवय लागली. आता गावाच्या हातात उरतात मुख्यतः मालमत्ता कर आणि पाणीपट्टी. आणि त्या वाढवायच्या म्हटलं की कुठला नगरसेवक पुढे येतो?

गंमत म्हणजे, त्याच्या थोडं आधी राज्यघटनेने या संस्थांना बळ दिलं होतं. ७४ वी घटनादुरुस्ती, १ जून १९९३ पासून लागू. पाणीपुरवठ्यासह १८ विषयांची यादी, महिलांना एकतृतीयांश जागा (महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या), आणि पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक. कागदावर हक्क वाढले, खिसा मात्र दुसऱ्याच्या हातात गेला.

आता भंडाऱ्याच्या नळाकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ९२ हजार होती. शहर पाणी घेतं वैनगंगेतून. पवनीजवळ याच नदीवर गोसेखुर्द धरण आहे, पायाभरणी १९८८ ची. धरणात पाणी अडलं आणि त्याचा फुगवटा मागे पार भंडाऱ्यापर्यंत आला. वाहती नदी संथ झाली.

दुसरीकडे नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला. आंभोरा तर भंडाऱ्याच्या खालच्या अंगाला आहे. एरवी ही घाण खाली वाहून गेली असती. पण पाणी तुंबल्यावर खालची घाण वरच्या गावाच्या विहिरीपर्यंत पोचायला लागली. भंडारेकर वर्षानुवर्षं याची तक्रार करत आहेत.

साचलेलं पाणी, बरं का मंडळी. आंबागडच्या विहिरीसारखंच.

आणि इथे छोट्या शहराच्या कारभाराची खरी अडचण दिसते. नळ नगरपरिषदेचा, धरण पाटबंधारे खात्याचं, सांडपाणी दुसऱ्या जिल्ह्यातल्या महानगरपालिकेचं, पैसा राज्याचा आणि केंद्राचा. कायद्याने कर्तव्य दिलंय एकाला, कारण बसलंय चौघांकडे. एखादी मोठी योजना मंजूर झाली की फलक लागतात, पण तक्रार घेऊन आलेली बाई उभी राहते ती नगरपरिषदेच्या खिडकीपाशीच.

त्यात भर म्हणजे २०२१-२२ च्या सुमारास राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपली आणि निवडणुका झाल्याच नाहीत. प्रशासक बसले. रोजचं काम चाललं, पाणीही सुटलं. पण सभागृह रिकामं होतं. ठराव करणारा आणि त्याला प्रश्न विचारणारा, दोन्ही जागी एकच अधिकारी. घटना सांगते पाच वर्षं, प्रत्यक्षात मधे जवळपास चार वर्षांची पोकळी. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिले, तेव्हा कुठे डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या.

म्हणून आजचा मुद्दा साधा आहे. आंबागडची विहीर आणि भंडाऱ्याचा नळ यांच्यात फरक पाण्याच्या स्वच्छतेचा नाही, तो कधी कधी फारसा नसतोही. फरक आहे तो विचारण्याच्या सोयीचा. ती सोय फुकट मिळालेली नाही. पटकीने मेलेल्या माणसांमुळे, रिपनच्या ठरावामुळे, मतदानाचा हक्क मिळवणाऱ्या पिढ्यांमुळे ती आली. आणि वापरली नाही तर ती गंजते.

वापरायची कशी? तक्रार तोंडी करू नका, लिहून द्या आणि आवक क्रमांक घ्या. सर्वसाधारण सभा साधारण दोन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. तुमच्या नगरसेवकाला विचारा, पुढच्या विषयपत्रिकेवर पाणी आहे का? माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर पाणी तपासणीचे अहवाल मागता येतात, उत्तराची मुदत ३० दिवस. अहवाल हातात आला की तुमची गावगप्पा पुरावा होते.

किल्ल्यातल्या कैद्याकडे यातलं काहीच नव्हतं. तुमच्याकडे फोन आहे, मत आहे आणि आवक क्रमांक आहे.

तुमच्या गावचं पाणी कुठून येतं, हे घरी विचारून बघा आणि आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि पाणी गाळून प्या!