बुडबुडा, ऊन आणि विजेचं बिल

क्रांती चौकातल्या चष्म्याच्या दुकानात तुम्ही कधीतरी उभे राहिलाच असाल. दुकानदार चष्मा पाण्याच्या छोट्या भांड्यात ठेवतो, बटण दाबतो, बारीक घूंऽऽ आवाज येतो आणि फ्रेमच्या खाचेतला मळ निघून जातो. हात न लावता. ही करामत अल्ट्रासाऊंडची. तिला उन्हाची जोड देऊन कारखान्यांचं रंगीत सांडपाणी साफ करता येईल का, या प्रश्नावर मोठं काम मुंबईत झालंय. आपल्या खाम नदीशी त्याचा संबंध आहे, म्हणून ही पोस्ट.

आधी आवाज. १९२७ मध्ये अमेरिकेत रिचर्ड्स आणि लूमिस यांनी दाखवलं की, ऐकू न येणारा आवाज द्रवात सोडला की रासायनिक क्रिया बदलतात. कारण बुडबुडे. ते फुगतात आणि क्षणात आतल्या आत कोसळतात. त्या क्षणी बुडबुड्याच्या पोटात काही हजार अंश तापमान असतं, आजूबाजूचं पाणी मात्र जवळपास थंडच.

मग उजेड. १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन केलं. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच ही पूड. पुढे कळलं की ती सांडपाण्यात टाकून अतिनील किरण सोडले, तर कापडाचे रंग आणि कीटकनाशकंसुद्धा मोडतात. पण पुडीच्या कणांवर घाण बसते, गुठळ्या होतात, उजेड पोचत नाही आणि काम मंदावतं.

इथे ते चष्म्याचं भांडं आठवा. बुडबुडे कण घासून काढतात, गुठळ्या फोडतात, ताजी घाण कणांपर्यंत आणतात. शिवाय स्वतःही थोडी मोडतात. दोघं मिळून कधीकधी बेरजेपेक्षा जास्त काम करतात. या जोडीचं नाव सोनोफोटोकॅटॅलिसिस. नावाला घाबरू नका.

माटुंग्याच्या यूडीसीटीचे, म्हणजे आजच्या आयसीटीचे, पराग गोगटे आणि अनिरुद्ध पंडित यांनी २००४ मध्ये या यंत्रांचा चिकित्सक आढावा छापला. मला त्यातला 'चिकित्सक' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. काचेच्या भांड्यात जमतं ते टाकीत जमेलच असं नाही. अल्ट्रासाऊंड वीज खातो, आवाज थोड्याच अंतरात विरतो, आणि उन्हात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के.

पंडितांनी दुसरी वाट आधीच धरली होती. १९९३ मध्ये त्यांनी आणि ज्येष्ठराज जोशी यांनी तेलांवरच्या प्रयोगात दाखवलं की, द्रव पंपाने अरुंद तोंडातून जोरात काढला तरी तसेच बुडबुडे होतात, आणि वीज कमी लागते. पाण्याच्या जोरावर काम काढायचं! पाणचक्कीच्या गावाला हे वेगळं सांगायला नको.

आता आपलं. शहरातून वाळूजकडे वाहणारी खाम पुढे गोदावरीला मिळते, आणि आपण पितो जायकवाडीचं. उद्या कुणी पालिकेत किंवा एमआयडीसीत चकचकीत यंत्राचं प्रेझेंटेशन घेऊन आलं, तर पहिला प्रश्न एवढाच हवा: हजार लिटरला किती युनिट वीज, आणि चाचणी आपल्याच सांडपाण्यावर केली का? पडताळून घ्यायला मुंबई गाठायचीही गरज नाही. आयसीटीचा मराठवाडा कॅम्पस २०१८ पासून जालन्यात आहे, एसटीने दीड-दोन तास.